पायाला बांधलेली रिबीन

पाळण्यात उताणे पडलेले दोन-तीन महिन्यांचे बाळ. वर एक झुलते खेळणे, आपल्याकडे पाळण्यावर रंगीत चिमण्या टांगतात तसले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी एक साधी गोष्ट केली. मऊ रिबिनीचे एक टोक बाळाच्या घोट्याला बांधले आणि दुसरे त्या खेळण्याला. पाय झाडला की खेळणे हलणार, जोरात झाडला की जोरात हलणार. काही मिनिटांतच बाळाच्या हे ध्यानात आले आणि पाय झाडणे दुप्पट-तिप्पट वाढले. त्यासाठी दूध मिळत नव्हते, कुणी कडेवर घेत नव्हते. पुढे काही वर्षांतच जॉन वॉटसन यांनी याची दुसरी बाजू तपासली. आठ आठवड्यांच्या बाळांना त्यांनी घरी खेळणी दिली. काहींचे खेळणे डोक्याखालची उशी दाबली गेली की फिरे, काहींचे आपोआप फिरे. आपल्या हालचालीने खेळणे फिरते असे ज्या बाळांना कळले, ती काही दिवसांत त्याच्याकडे बघून हसू लागली, हुंकार देऊ लागली. आपोआप फिरणाऱ्या खेळण्याला तसा हुंकार मिळाला नाही.

माझे म्हणणे या दोन पाळण्यांमधल्या फरकावर उभे आहे. माणूस शिकतो आणि मन लावून राबतो ते मुख्यतः आमिषाने नाही आणि धाकानेही नाही. आपण काही केले आणि त्यामुळे काही बदलले, हे स्वतःच्या डोळ्यांना दिसले की त्याला हुरूप येतो. ‘याला अभ्यासच नको’, ‘हल्ली कुणाला काम करायलाच नको’ अशा तक्रारी आपण घरात, शाळेत, कचेरीत रोज ऐकतो. अशा वेळी बहुधा कुठेतरी रिबीन तुटलेली असते. ती कुठे तुटली हे बघायचे सोडून आपण एक तर खाऊ शोधतो, नाही तर छडी. माणूस मुळात आळशी, त्याला ढकलल्याशिवाय तो हलत नाही, ही समजूत त्यामागे आहे. चालायला शिकणारे मूल ती रोज खोटी ठरवते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ यांनी २०१२ मध्ये बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावले मोजली. मोकळे खेळताना मूल तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते. रांगण्यात पटाईत झालेले हेच मूल चांगले जमत असलेले काम सोडून न जमणारे हाती घेते, आपटते, ढुंगण झटकून पुन्हा उभे राहते. पांगुळगाडा असो वा नसो, बक्षीस लावून कुणाला चालायला शिकवावे लागल्याचे ऐकिवात नाही.

मग हेच मूल दहाव्या वर्षी वहीवर डोके टेकून बसते, ते का? १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काहीही केले तरी विजेचा झटका थांबत नाही, असा अनुभव ज्या कुत्र्यांना आला त्यांतली बरीचशी पुढे सुटकेचा मार्ग समोर असतानाही हलली नाहीत. याला ‘शिकलेली असहायता’ असे नाव पडले. पण पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपला सिद्धान्त स्वतःच उलटा केला. त्यांचा आताचा निष्कर्ष असा की, दीर्घकाळ त्रास झाला की गळून पडणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते याच्या उलट, म्हणजे आपल्या हातात काही आहे, ही जाणीव. आपल्या आयुष्यभराच्या सिद्धान्ताची अशी दुरुस्ती करणारे संशोधक थोडे असतात, म्हणून या दोघांविषयी मला विशेष आदर वाटतो. आपल्यापुरता त्याचा अर्थ फार व्यवहारी आहे. उमेद ही एकदा जन्मताना मिळालेली शिदोरी नव्हे. ती पुन्हा पुन्हा अनुभवातून भरावी लागते आणि तसे अनुभव मिळेनासे झाले की माणूस हळूहळू बसतो.

पाचवीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, हे शिक्षणाच्या स्थितीची ‘असर’ पाहणी वर्षानुवर्षे सांगते आहे. उरलेल्या निम्म्यांचा दिवस कसा जात असेल? फळ्यावर अपूर्णांक चालू असतात, पुस्तकाचे पान उलटते, पुढच्या बाकावरून उत्तर येते. हे मूल फळ्यावरचे वहीत उतरवून घेते, अक्षर न् अक्षर, अर्थाविना. त्याने लक्ष दिले तरी पान उलटणार आणि नाही दिले तरी उलटणार. हे आपोआप फिरणारे खेळणे आहे. या मुलाला आपण ‘मठ्ठ’ म्हणतो किंवा ‘लक्ष नसते’ असे प्रगतिपुस्तकात लिहितो. खरे तर आपल्या लक्ष देण्याने काही घडत नाही, हे त्याने अचूक ओळखलेले असते.

हीच रिबीन पुन्हा बांधता येते, याचा पुरावा मुंबईतच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली एखादी तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना जे येते तिथून सुरुवात करी. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची काटेकोर तपासणी केली. दोन्ही शहरांत मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत मागे असलेल्यांचे सर्वांत जास्त वाढले. पुढे या पद्धतीत मुलांचे गट इयत्तेवर न पाडता वाचनाच्या पातळीवर पाडू लागले. काहीच येत नाही, अक्षर येते, शब्द येतो, परिच्छेद येतो, गोष्ट येते, असे टप्पे असतात. अक्षराच्या गटातले मूल काही आठवड्यांत शब्दाच्या गटात सरकते आणि हे सरकणे त्याला स्वतःला कळते. त्यात सुवर्णपदक नाही. काल न वाचता आलेली ओळ आज वाचता आली, एवढेच आहे, आणि मुलाला ते पुरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की बक्षिसाने कामे होतात हे तर रोजच दिसते, मग ते कसे नाकारणार? मी ते नाकारत नाही. १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग गाजला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना चित्र काढल्यास रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले आणि दिले. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुले चित्रांकडे फिरकली ती इतरांच्या निम्म्यानेच. मात्र ज्यांना आधी न सांगता, अचानक प्रशस्तिपत्र मिळाले त्यांची गोडी घटली नाही. यावर पुढे पंचवीस-तीस वर्षे कडाक्याचा वाद झाला. बक्षिसाने नेहमीच गोडी मरते असे म्हणणे टिकत नाही, आणि ती कधीच मरत नाही हेही टिकत नाही. डोळे उघडणारा पुरावा अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ रोलँड फ्रायर यांनी २०११ मध्ये मांडला. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे २ डॉलर दिले, तेव्हा इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले आणि काहीच फरक पडला नाही. जास्त गुण कसे मिळवाल, असे तिथल्या मुलांना विचारले, तर प्रश्न नीट वाचू, उत्तरे पुन्हा तपासू, असे ती म्हणत. पैसे त्यांना हवेच होते, पण गुणांपर्यंत जायची वाट ठाऊक नव्हती. पुस्तक वाचणे मुलाच्या हातात असते, गुण नसतात. आपल्याकडे ‘नव्वद टक्के आण, सायकल देतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी या फरकावर थोडे थांबावे.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्ही. सुंदररामन यांनी केलेला प्रयोग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटू शकतो. मुलांची प्रगती झाली तर शिक्षकांना बोनस देण्यात आला आणि दोन वर्षांत गणित व भाषा दोन्हींत मुले खरेच पुढे गेली. पण हा बोनस सरासरीने वर्षाच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास होता. तेवढ्यासाठी एखादा शिक्षक शाळा सुटल्यावर जादा तास घेतो, याचे कारण निव्वळ रक्कम असेल असे मला वाटत नाही. बोनस अंतिम निकालावर नव्हता, मुले जिथे होती तिथून किती पुढे आली यावर होता. म्हणजे शिक्षकाच्या मेहनतीचे फळ कुणीतरी प्रथमच वेगळे मोजून त्याच्यापुढे ठेवले. पैसे आणि ही मोजणी यांतला कुणाचा वाटा किती, हे त्या प्रयोगातून सुटे करता येत नाही, हे मान्य. तरी धोरण आखणाऱ्यांनी फक्त पैशांचा धडा त्यातून घेऊ नये.

दुसरा आक्षेप धाकाचा. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले आणि मुलांनी अभ्यासच सोडला, असे सर्रास बोलले जाते. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्रानेही पाचवी-आठवीच्या परीक्षा परत आणल्या. परीक्षेला माझा विरोध नाही. काय येते आणि काय नाही हे कळायलाच हवे. पण धाक काढला तेव्हा त्याच्या जागी सातत्यपूर्ण मूल्यमापन यायचे होते, म्हणजे मूल कुठे अडले ते बघून तिथेच मदत करायची होती. ते बहुतेक ठिकाणी नोंदवह्या भरण्यात संपले. तेव्हा त्या वर्षांत धाक गेला आणि मदत आलीच नाही. आता धाक परत आला आहे, मदत अजून आलेली नाही. ज्याला दुसरीचे वाचता येत नाही त्याला पाचवीत नापास होण्याची भीती घालून वाचता येणार नाही. भीती घाबरवते, वाट दाखवत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. पोटाची भ्रांत असलेल्या माणसापुढे हुरपाची कसली भाषा करता? बरोबर, पोट आधी. पण पैसा शिकण्याची सोय करतो म्हणजे तो शिकण्याची इच्छा विकत घेतो असे नव्हे. ‘कमवा आणि शिका’ हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे सूत्र नीट बघा. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुले शेतात राबत, स्वतःचा खर्च उचलत. इथे पैसा आमिष नव्हता. आपल्या घामाने आपले शिक्षण चालते, हे त्या मुलाला रोज दिसत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काम सुरू केले, तेव्हा गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांना शिकायची गोडी नाही असा निष्कर्ष या दोघींनी काढला नाही, शाळाच कुरणात नेली. आणि रिकामा वेळ आला म्हणजे माणूस आपोआप शिकतो असेही नाही. व्हिएन्नाजवळच्या मारियनथाल गावातली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोदा आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, तेव्हा गावाच्या ग्रंथालयातून जाणारी पुस्तके जवळपास निम्म्यावर आली होती. वर्गणी माफ असूनही. पुरुष रस्त्यातून सावकाश चालत, मध्येच थांबत. वेळच वेळ होता, पण त्या वेळात आपण केलेल्या कशाने काही होणार नव्हते.

नोकरीत असलेल्यांचेही हेच आहे. ब्रिटनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत, आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी त्यांना हृदयविकार जास्त, असे १९९७ मध्ये मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, पण ती दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपू नये असे सांगते. तरी ऑनलाइन माहिती, तातडीचे अहवाल, फोटो अपलोड यांत त्याचा दिवस तुकड्या-तुकड्यांनी जातो. वर्गातल्या सोळाव्या मुलाला आज जोडाक्षर वाचता आले, हे त्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही. ज्याच्या स्वतःच्या कामाचा परिणाम कुणी विचारत नाही, त्याने मुलांत उमेद पेरावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

म्हणून पाचवीच्या परीक्षेवर जेवढी शाई सांडते आहे, त्यातली थोडी तिसरीच्या जूनसाठी वापरा. शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक छोटा मजकूर वाचायला द्यावा. एका मुलाला पाचेक मिनिटे लागतात. कोण अक्षरावर आहे, कोण शब्दावर, ते लिहून ठेवावे. रोजचा एक तास मुलांनी इयत्ता विसरून आपापल्या गटात बसावे, त्या तासात शिक्षकाला कुठलाही अहवाल मागू नये. दिवाळीच्या सुट्टीआधी तोच मजकूर त्याच मुलापुढे पुन्हा ठेवावा आणि जूनचा कागद त्याच्या शेजारी ठेवावा, म्हणजे दोन्ही कागद मुलाला, शिक्षकाला आणि शाळेत आलेल्या आई-वडिलांना एकत्र बघता येतील.