धर्मादाय मोघम लिहू नये



आपल्या घरांत चार रुपयांची नोंदही चोपड्यात झाल्यावाचून पेढी बंद होत नाही. मृत्युपत्राचा विषय निघाला की मात्र वडीलधारी मंडळी मौन धारण करतात. ते अशुभ वाटते, आणि मुलांवर अविश्वास दाखविल्यासारखेही वाटते.

काही महिन्यांपूर्वी एका आडत व्यापाऱ्याच्या घरचे कागद माझ्यासमोर आले. गृहस्थ मृत्युपत्र न करताच निवर्तले होते. बँकेतील ठेवींवर नॉमिनी म्हणून धाकट्या मुलाचे नाव होते, आणि ‘बाबांनी हे मलाच दिले’ असा त्याचा प्रामाणिक समज होता. वस्तुतः नॉमिनी रक्कम स्वीकारतो ती वारसांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने ठेवींबाबत हे २०१० साली, तर शेअर्सबाबत २०२३ साली स्पष्ट केले आहे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्र नसल्यास पुरुषाच्या स्वार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, या सर्वांचा वाटा समान असतो. सासरी गेलेल्या दोन बहिणींचा विचार त्या घराने निदान मनाविरुद्ध तरी केला होता. ऐंशी ओलांडलेल्या आजींना कुणी हिशेबातच धरले नव्हते!

पेढीचा प्रश्न अधिक बिकट होता. ती दिवंगत गृहस्थ आणि त्यांचे बंधू, अशा दोघांचीच. भागीदारी अधिनियम, १९३२ अन्वये करारपत्रात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागीदार दोनच असतील तर तसे कलमही तिला तारू शकत नाही, वारसांशी नवा करारच करावा लागतो. तोवर काकांनी माल कोणाच्या नावावर घ्यावा? करारपत्र आणि मृत्युपत्र एकाच बैठकीत वाचून पाहावीत, असे मी म्हणतो ते यामुळेच.

त्या गृहस्थांच्या चोपड्याच्या अखेरच्या पानावर एक ओळ होती: काही रक्कम धर्मादाय लावावी. खाली ना सही, ना साक्षीदार. मात्र विधिवत मृत्युपत्रातही एवढे मोघम लिहिणे धोक्याचे असते. मुंबईकडील एका दाव्यात १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने केवळ ‘धरम’ या नावे ठेवलेले दान संदिग्धतेमुळे निरर्थक ठरविले होते. संस्थेचे पूर्ण नाव, गाव, नोंदणी क्रमांक आणि रक्कम लिहावी. ज्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले आहे, त्यांच्यापाशी मिळकतीची यादी बहुधा तयारच असते. तोच अर्धा खरडा समजावा.

बाकी विधी सोपा आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक असली तरी करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदार हवेत. त्यांच्यादेखत सही करावी आणि त्यांनी आपल्यादेखत करावी. मजकूर त्यांना वाचून दाखविण्याची आवश्यकता नाही. साक्षीदार वयाने लहान आणि मिळकतीत काही न मिळणारे असावेत.

त्या घरी पुढे आजींनीच पुढाकार घेतला. त्यांचा वाटा मृत्युपत्राविना राहिला असता तर त्याचेही तुकडे पडले असते. डॉक्टरांचा दाखला जोडून त्यांनी तो विधवा सुनेच्या नावे लिहिला, त्यातून पन्नास हजार रुपये गावच्या पांजरपोळास, नोंदणी क्रमांकासह.