गाडी खाली, दणके वर

नवी गाडी दारात आली की आपल्या घरांत आधी तिची पूजा होते, पेढे वाटले जातात, लिंबू-मिरची टांगली जाते. मग घरातला तरुण मुलगा तिला ‘आपली’ करायला घेतो. पूर्वी ही हौस सीट कव्हर, टेप आणि मागच्या काचेवरचं नाव एवढ्यावर भागायची. आता अलॉय व्हील येतात, रुंद टायर येतात आणि एक दिवस चिरंजीव म्हणतात, गाडी जरा खाली करून घेऊया. बेळगाव असो, निपाणी असो की हुबळी, ज्या घरात विशीतला मुलगा आणि गाडी दोन्ही आहेत, तिथे हा विषय आज ना उद्या निघतोच.

आमच्या घरात तो निघाला थेट उज्जैनहून. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली. राणोजी शिंद्यांच्या काळापासून माळव्यात मराठी घरं आहेत, त्यातलंच तिचं सासर. राहायला नानाखेड्यात, बस स्टँडच्या जवळ. भाचा इंदूरला नोकरी करतो. जाऊन-येऊन रोजचा शंभर किलोमीटरच्या वर प्रवास. त्याने जुनी पण चांगली हॅचबॅक घेतली आणि मला फोन केला. त्याचं मराठी निम्मं हिंदी, जसं आपल्या पोरांचं निम्मं कानडी. म्हणाला, ‘‘मामा, गाडी रोडला एकदम चिपकून चालली पाहिजे. इथला मिस्त्री दोन हजारात स्प्रिंगा कापून देतो म्हणतो. अडीच इंच खाली येईल. पण आराम कमी नको व्हायला. तुम्ही उद्यमबागेत एवढी वर्षं काढली, सांगा ना.’’

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा होता. कारण त्या गाडीत मागच्या सीटवर त्याची आजी बसते. बहिणीच्या सासूबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मणक्याचं दुखणं जुनं, आणि दर महिन्याला इंदूरला डॉक्टरांकडे जाणं चुकत नाही.

मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण हिशोब सगळ्या गाड्यांना सारखाच आहे.

खड्डा आला की चाक खाली जातं, उंचवटा आला की वर येतं. या वर-खाली होण्याला जी मोकळी जागा असते, तिथेच आपला आराम असतो. स्प्रिंग दबून धक्का पोटात घेते आणि शॉकअप तिची उसळी आवरतो. घरगुती गाडीचं शरीर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वर-खाली झुलेल, अशा बेताने हे सगळं बसवलेलं असतं. पाळण्याच्या झोक्यासारखी ती संथ लय माणसाला सोसते. त्याहून जलद हादरे, विशेषतः सेकंदाला चार ते आठ, बसलेल्या माणसाच्या कण्याला सर्वांत जास्त जाणवतात.

गाडी खाली आणली की पहिली कात्री लागते ती त्या मोकळ्या जागेला. चाकाला वर यायला समजा तीन इंच जागा होती आणि गाडी अडीच इंच खाली आणली, तर उरला अर्धा इंच. मग बारीकशा खड्ड्यातसुद्धा चाकाचा प्रवास संपतो आणि बंप स्टॉपच्या रबरावर गाडी आदळते. तो ‘धप्’ आवाज येतो ना, तो त्याचाच. म्हणून खाली आणलेल्या गाडीला मुद्दाम ताठ स्प्रिंग द्यावी लागते. ताठ स्प्रिंग म्हणजे जलद हादरा. आराम इथे खर्ची पडतो आणि त्याला पूर्ण चुकवणारी युक्ती कुणाकडे नाही. तो किती खर्ची पडू द्यायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

स्प्रिंग कापणं हा त्यातला सर्वांत वाईट मार्ग. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, की उरलेली पाच वेढ्यांची स्प्रिंग सुमारे २० टक्के ताठ होते. जुना शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाचा. नव्या ताठ स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही, गाडी खड्ड्यानंतर उड्या मारत राहते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबकळलं तर स्प्रिंग जागा सोडू शकते. काही ठिकाणी स्प्रिंग गॅसने तापवून बसवतात. ते तर आणखी वाईट. ज्यांनी लोखंडाचं काम केलं आहे ते जाणतात, पोलादाला दिलेलं पाणी अशा तापवण्याने उतरतं. मग ती आज बसेल, उद्या मोडेल.

आता आपले रस्ते बघा. गतिरोधक म्हणा, कानडीत रस्ते उब्बु म्हणा, त्याचं एक माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाईचा गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच हवा. एवढ्या लांबीवर लहान गाडीची पुढची-मागची दोन्ही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे तिचं पोट वाचतं. पण गल्लीच्या तोंडाशी रातोरात घातलेला उंचवटा असतो हातभर लांबीचा. त्यावर पुढची चाकं उतरतात तेव्हा मागची चढलेलीही नसतात, आणि उंचवटा बरोबर पोटाखाली येतो. हॅचबॅकची जमिनीपासूनची उंची साधारण १६५ मिलिमीटर धरा. अडीच इंच म्हणजे ६० च्या वर गेले. पाच माणसं आणि सामान बसल्यावर आणखी तीसेक गेले. उरले सत्तर-पंच्याहत्तर. उंचवटा शंभरचा. ऑइलचं चेंबर कशाला घासणार, हे मुलाला कागदावर मांडून दाखवलं की पटतं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारायचं.

भाच्याला मी म्हटलं, ‘‘तू स्टीअरिंगवर बसून आराम ठरवू नकोस. मागचा माणूस मागच्या चाकांच्या जवळ बसलेला असतो, आणि त्याला धरायला स्टीअरिंगही नसतं. तुझ्या मित्राने स्प्रिंगा कापल्यात म्हणतोस ना? त्याच्या गाडीत आजीच्या जागी बस आणि नानाखेड्याहून इंदूरपर्यंत जा.’’

पोरगं जाऊन आलं. संध्याकाळी फोन. ‘‘मामा, सांवेरपर्यंतच कमर बोलायला लागली. आणि तो पुढे बसून म्हणतो, मजा येतीय ना?’’

मग त्याच्याच गाडीचं खरं दुखणं शोधलं. वळणावर ती डोलत होती, म्हणून तर त्याला ती खाली आणायची होती. पण शॉकअपमधून तेल गळत होतं, लोअर आर्मचे बुश फाटले होते आणि टायरमध्ये हवा कमी-जास्त होती. कंपनीच्या मापाचे चार नवे शॉकअप, बुश आणि व्हील अलाइनमेंट, एवढं केल्यावर गाडी रस्त्याला धरून चालू लागली. तीही एक सूतभर खाली न आणता. त्याच्या घरापासून तासाभराच्या आत देवासला गेब्रिएलचा शॉकअपचा कारखाना आहे. १९६१ पासून ही कंपनी हेच काम करते. इंदूरपलीकडे पिथमपूरला नॅट्रॅक्सच्या चाचणी-रस्त्यांवर ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, तसा गाडीचा आराम जोखण्यासाठी वेगळा ट्रॅकसुद्धा आहे. एवढ्या मोजमापाने स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी जुळवलेली असते. ती गॅस कटरने दहा मिनिटांत मोडायची, हे बरं नाही.

तरीही कुणाची हौस राहतच नसेल आणि परवानगीचं नीट विचारून झालं असेल, तर चार गोष्टी पाळाव्यात. खाली आणायची ती इंचभर, फार तर ३० मिलिमीटर. त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्रच घ्यायचे. बंप स्टॉप त्या उंचीला साजेसे बसवायचे. नंतर अलाइनमेंट करायचं आणि हेडलाइटचा झोतही तपासून घ्यायचा. आणि त्याच वेळी पातळ कडेचे टायर घालू नयेत. टायरची जाड कड हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, बारीक खडी तीच गिळते. हे सगळं केलं तर आराम थोडाच कमी होतो. पण कमी होतो.

चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणारे, पावसाळ्यात आंबोलीला जाणारे, खानापूरच्या आडगावात देवीला जाणारे आपण. आपल्या वाटेवर उब्बु कमी आणि तग्गु जास्त. अति आसे गति केडु असं कानडीत म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू पडतं. मुलांच्या हौसेला एकदम नाही म्हणू नका. गाडीवर त्यांचा जीव असतो, आणि त्यातूनच उद्याचे चांगले मिस्त्री आणि इंजिनिअर तयार होतात. फक्त उंची ठरवण्याआधी गाडी माणसांनी भरा, आजी-आजोबांना मागे बसवा आणि जवळच्या सर्वांत वाईट रस्त्यावर एक फेरी मारा. त्या फेरीनंतर मागच्या सीटवरून जे उत्तर येईल, ते ऐका.