कोवळ्या वयातील व्यसने आणि पालकांचा सहवास

शालेय वयातील मुलांच्या व्यसनांची चर्चा आपल्याकडे बहुधा एखाद्या छाप्याच्या बातमीने सुरू होते आणि शाळांना दोष देऊन संपते. घराचा उंबरठा ती क्वचितच ओलांडते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन असे पदार्थ हुंगून नशा करणाऱ्यांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आढळले. मुलांनी मोठ्यांना मागे टाकले असा हा एकच प्रकार. अशी बाटली दप्तरात दिसली तरी कोणाला संशय येत नाही.

या संदर्भात आइसलँडचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी आदल्या महिन्यात झिंग येईपर्यंत मद्य घेतले होते. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज धूम्रपान करणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. तेथील संशोधकांनी शाळाशाळांतून मुलांनाच प्रश्न विचारले, तेव्हा न पिणाऱ्या मुलांत काही समान गोष्टी दिसल्या: नियमित खेळ, रात्री घरी असणे आणि आठवड्याच्या साध्या दिवसांतही आईवडिलांचा सहवास. त्यानुसार नगरपालिकांनी खेळ व संगीतासाठी पैसा पुरवला. १३ ते १६ वयोगटातील मुलांनी हिवाळ्यात रात्री १० नंतर एकटे बाहेर राहू नये, असा कायदा झाला. (हा नियम येथे आला, तर रात्रीच्या शिकवण्या कधी भरवायच्या, हाच पहिला प्रश्न निघेल!) शिवाय एका शाळेतील पालकांनी आपसांत करार केले. मोठे कोणी नसताना घरी पार्टी होऊ द्यायची नाही, अल्पवयीनांसाठी मद्य विकत घ्यायचे नाही, दुसऱ्याच्या मुलाकडेही आपल्या मुलासारखे लक्ष ठेवायचे. बहुतेक वेळा आईवडिलांसमवेत असणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९७ मधील २३ टक्क्यांवरून २०१२ साली ४६ टक्के झाले. युरोपातील अन्य अनेक देशांतही त्या काळात किशोरांचे मद्यपान घटले, म्हणून सारे श्रेय या योजनेला देता येणार नाही. तथापि इतकी मोठी घट फारच थोड्या ठिकाणी झाली.

सहवास म्हणजे पाळत, असा अर्थ मात्र काढू नये. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००० साली दाखवून दिले, की पालकांना मुलांविषयी जे ठाऊक असते ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेले असते. चौकशी आणि बंधने यांतून हाती येणारी माहिती थोडी. आपण मुलाचा मोबाइल तपासतो, खिसे चाचपतो. पण ‘आज मित्राने मला एक झुरका मारायला लावला’ हे वाक्य ज्या घरात उच्चारता येते, त्या घराला बातमी सर्वांत आधी कळते. पहिल्याच कबुलीवर हात उगारला गेला, तर दुसरी कबुली येत नाही.

आणखी एक गैरसमज आपल्या लग्नघरांत पक्का रुजलेला आहे. ‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरीच आमच्यासमोर घोटभर घेऊ दे’ असे म्हणत काका-मामा पुतण्या-भाच्याच्या हाती पेला देतात. ऑस्ट्रेलियात सुमारे १९०० किशोरांचा सहा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आले. पालकांनी दिलेल्या मद्याने मुलाचे कसलेही संरक्षण होत नाही. उलट बाहेरूनही मद्य मिळवण्याची शक्यता वाढते, असे त्यात दिसले. आपल्या देशात तर बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याविना बालकास मादक पेय देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मद्याला पाहुणचार मानणाऱ्या आपल्या समाजाने हे कलम कधी गंभीरपणे वाचले आहे, असे वाटत नाही.

अडचण वेळेची आहे. विरारहून पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आईवडिलांना, जहाजावर वा आखातात नोकरी करणाऱ्या पित्याला ‘मुलांना वेळ द्या’ एवढेच सांगणे निष्ठुरपणाचे ठरेल. अशा घरांत आजी-आजोबा, शेजारी आणि त्याच वर्गातील इतर पालक यांच्यावर अधिक भार पडतो. करार करण्यास सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. एका इमारतीतील, एका गावातील दहा-बारा कुटुंबे एकत्र बसली तरी पुरे. घरात पिणारा पिता असेल, तर उपचाराची सुरुवात मुलापासून करून भागणार नाही, हेही त्याच बैठकीत बोलले जावे.

आणि ज्यांना घरच उरलेले नाही, त्या रेल्वे फलाटांवरील मुलांपर्यंत यातील काहीच पोहोचत नाही. त्यांच्यासाठी बालमदतीचा १०९८ हा क्रमांक आहे. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शन हवे असलेल्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे.