मसाज तीस सेकंदांचा, धूळ वर्षभराची

‘मला सायनस झालाय’ हे वाक्य आपल्याकडच्या हॉस्टेलांत हिवाळाभर ऐकू येतं. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळ, गाल आणि नाकाच्या आसपासच्या हाडांतल्या त्या हवेच्या पोकळ्या. ‘सायनस झालाय’ म्हणजे ‘गुडघा झालाय’ म्हणण्यातलाच प्रकार! आपल्याला होतं ते त्यांच्या आतल्या अस्तराला सूज येणं.

त्यावर रील्समध्ये एक उपाय जोरात आहे, चेहऱ्याचा मसाज. भुवयांच्या आतल्या टोकांना हलका दाब द्या, मग नाकाच्या बाजूने गालाच्या हाडाखालून कानाकडे बोटं फिरवा. तीस सेकंदांत सायनस रिकामा! तुम्ही करून पाहिलं असेल तर बरंही वाटलं असेल. मग अडचण कुठाय?

अडचण मसाजमध्ये नाही, दाव्यात आहे. बोटं आणि सायनस यांच्यामध्ये हाड असतं. शिवाय गालातल्या सायनसचं तोंड तळाशी नाही, वरच्या बाजूला असतं. आतला चिकट स्राव तिथवर चढवण्याचं काम अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. बाहेरून दाबून तो निघत नाही. बरं वाटतं, कारण दुखऱ्या जागेवर हात फिरवला की दुखणं कमी जाणवतं. ठेच लागल्यावर आपण पाय चोळतो तसंच. आणि नाक मोकळं वाटणं वेगळं, मोकळं असणं वेगळं. बाममधला मेन्थॉलसुद्धा सूज उतरवत नाही, फक्त गार हवा आत जातेय असं भासवतो.

फुकटातला आराम आहे, घ्या की. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही काहींना थोडा फायदा होतो, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुतल्यावर मेंदूत अमीबाचा संसर्ग होऊन दोघे दगावले. आपल्या शहरात तर नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि टाकीत साठून राहतं. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंबही तीन-चार दिवसांच्या वर नकोत, नाक उलट जास्त चोंदतं.

सर्दीतून आलेला त्रास बहुतेकदा विषाणूंचा असतो, आठ-दहा दिवसांत अँटिबायोटिकशिवाय ओसरतो. मात्र डोळ्याभोवती सूज आली, दिसायला दोन-दोन लागलं किंवा ताप चढत राहिला, तर मसाज बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या म्युकरमायकोसिसने मराठवाड्यातली कितीतरी घरं हादरली. तो आजार नाक आणि सायनसमधूनच पसरायचा.

पण दरवर्षी त्याच महिन्यांत तेच नाक का चोंदतं? ॲलर्जी असेल तर धूळ त्यात भर घालते, आणि धूळ आपल्याकडे कमी नाही. जलवाहिनीसाठी खोदलेला रस्ता, नीट न बुजवलेला चर, त्यावरून धावणारे डंपर. रील या धुळीबद्दल अवाक्षर काढत नाही. तुमच्या त्रासाचा इलाज तुमच्याच बोटांत आहे म्हटलं की बाकी कुणाला काही विचारायला नको.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपलं शहर आहे, शेजारचं जालनाही आहे. दिल्लीच्या ‘सीएसई’ या संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा देशभर या कार्यक्रमातला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवरच झाल्याचं दिसलं. म्हणजे पैसा नेमका आपल्या नाकासाठीच निघालाय. मग आपल्या शहरात तो कुठल्या रस्त्यावर, कशावर खर्च झाला, हे महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या.