आधी नाव सांग, मग मत देतो

आपल्या बमरोली-पांडेसरा-उधना पट्ट्यात खान्देशी माणूस इतका आहे, की जळगाव-धुळ्याचं राजकारण इथल्या ओट्यांवरच चालतं. लूमवर बारा तासांची पाळी करून आलेलाही जेवल्यावर गावाकडच्या आमदाराचा हिशोब मांडतो. ते बरंच आहे. पण घ्यायचं माप वेगळं अन् द्यायचं वेगळं, असं जे चालतं त्यावर जरा बोलायचंय.

एप्रिल २०२१ आठवा. सुरतेत रेमडेसिविर मिळत नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माणसं रांगेत ताटकळत होती. त्याच दिवसांत आपले नवसारीचे खासदार अन् तेव्हाचे गुजरात भाजपचे अध्यक्ष सी. आर. पाटील यांनी जाहीर केलं, की पक्षातर्फे पाच हजार इंजेक्शनं फुकट वाटू. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याला घरचेच. दवाखान्यात नसलेलं औषध पक्षाकडे आलं कुठून, असं पत्रकारांनी मुख्यमंत्री विजय रूपाणींना विचारलं. ते म्हणाले, पाटलांनाच विचारा. काँग्रेसचे परेश धानाणी हायकोर्टात गेले.

आमचे दाजी म्हणाले, "लोकांचा जीव वाचतोय ना? मग कायदा काय चाटायचाय!" भाचा काँग्रेसवाला. तो म्हणे, "ही साठेबाजी आहे मामा, उचला त्यांना."

महिनाभरात दिल्लीत तेच प्रकरण उलटं झालं. युवक काँग्रेसचे बी. व्ही. श्रीनिवास ऑक्सिजन, औषधं पोचवत होते. मे महिन्यात दिल्ली पोलीस त्यांच्याकडे चौकशीला गेले. (भाजपचे तेव्हाचे खासदार गौतम गंभीर यांच्या संस्थेनं औषधांचा साठा केला, तोही विषय दिल्ली हायकोर्टात होता.) आता भाचा म्हणतो, "ही तर सेवा!" अन् दाजी विचारतात, "पण औषध आणलं कुठून?" शब्दसुद्धा तेच, फक्त तोंडं बदलली.

माझं मत विचाराल तर प्रश्न दोन्ही वेळा बरोबर होता. औषध मोजकंच होतं. ते पक्षाच्या टेबलावर गेलं की दवाखान्यात तेवढं कमी पडतं, अन् कोणाला द्यायचं हे डॉक्टरऐवजी ओळख ठरवते. ज्याचा माणूस त्या इंजेक्शनानं वाचला तो हात जोडेल, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण आपण तर नुसते ओट्यावर बसलेले. आपल्याला तरी काय अडचण होती?

खडसेंचं घ्या. जून २०१६ मध्ये भोसरीच्या जमिनीवरून नाथाभाऊंना महसूलमंत्रिपद सोडावं लागलं. तेव्हा आपल्यातले भाजपवाले म्हणत, "अडकवलं हो त्यांना," अन् राष्ट्रवादीवाले कागद नाचवत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये नाथाभाऊ राष्ट्रवादीत गेले. जमीन तिथंच, सातबारा तोच. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र दोन्ही बाजूंनी आठ दिवसांत जागा बदलल्या!

उलटा प्रवास नंदुरबारचे विजयकुमार गावित यांचा. राष्ट्रवादीचे मंत्री होते तेव्हा आदिवासी विकास खात्यातल्या खरेदीवरून त्यांच्यावर आरोप झाले. २०१४ मध्ये ते भाजपमध्ये आले, अन् २०२२ मध्ये मंत्री झाले, तेही आदिवासी विकास खात्याचेच. ज्यांनी तेव्हा गळा काढला होता ते चूप, अन् जे चूप होते त्यांना एकदम आदिवासी पोरांचा कळवळा आला. खरं खोटं कोर्ट बघेल, पण आश्रमशाळेतल्या पोराच्या ताटात काय पडलं हे नेत्याच्या पक्षानं बदलतं का?

हे बोललं की दाजी विचारतात, "तू नेमका कोणाचा रे?" भाचाही तेच विचारतो.

म्हणून गेल्या दिवाळीत नातेवाइकांच्या ग्रुपवर मी नाव-पक्ष काढून एवढंच टाकलं: एका मंत्र्याच्या घरच्यांनी वादातली जमीन स्वस्तात घेतली, त्यानं राजीनामा द्यावा का? चाळीस माणसांचा ग्रुप. पहिलं उत्तर आलं, "आधी नाव सांग." दुसरं, "पक्ष कोणता?"

मी सांगितलं नाही. अजून एकाचंही मत आलेलं नाही.