चीनच्या उदयाचे श्रेय कोणाचे?

२७ जानेवारी २०२५ या एका दिवसात एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीचे बाजारमूल्य सुमारे सहाशे अब्ज डॉलरने घसरले. आठवडाभर आधी हांगझोऊमधल्या डीपसीक या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेचे आपले नवे प्रारूप सर्वांसाठी खुले केले होते, त्याचा हा धक्का. लगेच जगभर वाद पेटला. पण वादातले युक्तिवाद मात्र जुनेच होते. कोणी म्हणाले, हे सारे चोरीचे. कोणी म्हणाले, एकपक्षीय सत्तेचा बडगा असला की असे जमते. कोणी म्हणाले, थांबा, हा फुगा फुटणारच आहे. आणि वॉशिंग्टनमधून सूर निघाला, निर्यातबंदीचा फास आणखी आवळा. आपल्याकडच्या चर्चाही याच चार मतांभोवती फिरतात. माझ्या मते चारही अपुरी आहेत आणि त्यांतले दुसरे तर घातक आहे. म्हणून आधी त्यांचे खंडन, मग माझे मंडन.

चोरीच्या आरोपात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. पवनचक्क्यांची नियंत्रणप्रणाली बनवणाऱ्या अमेरिकन सुपरकंडक्टर या कंपनीचे सॉफ्टवेअर सिनोव्हेल या चिनी कंपनीने चोरल्याचे अमेरिकी न्यायालयात २०१८ मध्ये सिद्ध झाले. असे खटले आणखीही आहेत, आणि चोरी ती चोरीच. प्रश्न एवढाच की, एवढ्या मोठ्या उदयाचा उलगडा चोरीने होतो का? आज विजेच्या मोटारींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचेच पाहा. तिचे मूळ संशोधन १९९०च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत झाले. ते प्रसिद्ध झालेले होते, कोणालाही वाचता येत होते. अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी ए१२३ सिस्टिम्स ही कंपनी काढून याच रसायनाच्या बॅटऱ्या बनवायला घेतल्या. तिला सरकारचा पैसा मिळाला, शेअर बाजारही तिच्यावर खूश होता. २०१२ मध्ये तिचे दिवाळे निघाले आणि चीनच्या वानशियांग समूहाने ती रीतसर लिलावात विकत घेतली. इथे चोरी कुठे झाली? ज्ञान सर्वांसमोर होते. ते पिकेपर्यंत धीर धरणारे भांडवल आणि ते विकत घेणारे गिऱ्हाईक अमेरिकेत नव्हते, चीनमध्ये होते. चोरलेल्या आराखड्यावरून यंत्र एकदा सुरू करता येते. पण लाखो सेल एकसारखे निघावेत आणि त्यांतला एकही पेट घेऊ नये ही अचूकता कुठल्याच आराखड्यात लिहिलेली नसते.

शिवाय हा आरोप करणाऱ्यांनी आपल्या घराण्याचा इतिहासही तपासावा. सॅम्युएल स्लेटर हा इंग्लंडमधल्या सूतगिरणीत शिकलेला तरुण. कसबी कारागिरांना देश सोडायला कायद्याने बंदी असताना तो १७८९ मध्ये ओळख लपवून अमेरिकेला गेला आणि डोक्यात साठवलेल्या यंत्ररचनेवर त्याने तिथला कापडउद्योग उभा केला. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून याला चीनमध्ये पाठवले. त्याने वेषांतर करून चहाची रोपे, बियाणे आणि चहा बनवणारे कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी आणले. आणि हिंदुस्थानी छापील कापडापुढे आपल्या विणकरांचा निभाव लागेना, तेव्हा १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून ते कापड अडवले ते मुक्त व्यापाराचे धडे पुढे जगाला देणाऱ्या इंग्लंडनेच. मागून येणारा प्रत्येक देश पुढच्याकडून शिकतो, काही मागून आणि काही लपवून. चीनने वेगळे पाप केले नाही. त्याने वेगळी कोणती गोष्ट केली, हे शोधायला हवे.

दुसरे मत आपल्याकडे फार लाडके आहे: तिथे हुकूमशाही आहे म्हणून जमले, लोकशाहीत असली कामे व्हायची नाहीत. हे मत मी पूर्णपणे नाकारतो. हुकूमशाहीने समृद्धी येत असती तर ती १९५८ मध्येच आली असती. कम्युनिस्ट पक्ष तोच होता आणि सत्ता आजच्याहून अधिक निरंकुश होती. ‘मोठी झेप’ या मोहिमेत शेतकऱ्यांना परसात लोखंड वितळवायला लावले, धान्याचे खोटे आकडे वर पाठवले गेले आणि त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. उदयाची सुरुवात झाली ती हुकूम मोडण्यापासून. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग या गावात अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून सामुदायिक जमीन आपसांत वाटून घेतली. उघडकीला आले तर तुरुंग, हे त्यांना ठाऊक होते. पीक भरघोस आले, आणि डेंग शियाओपिंग यांचे मोठेपण एवढे की त्यांनी ते चिरडले नाही. पुढे गावोगावच्या छोट्या कारखान्यांनी जी भरारी घेतली, ती आपल्या अपेक्षेतच नव्हती, असे खुद्द डेंग यांनी १९८७ मध्ये मान्य केले. शेन्झेनला १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला, याचा अर्थही हाच होता की देशभर लागू असलेल्या नियमांतून तेवढा भाग मोकळा केला.

म्हणजे सत्तेने हात सैल सोडला तिथे चीन वाढला. सत्तेने मूठ आवळली तिथे काय झाले? १९८० नंतरच्या एक अपत्य धोरणाने देशाला अकाली म्हातारपण दिले. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटते आहे. वूहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी २०१९ च्या डिसेंबरात सहकाऱ्यांना नव्या आजाराबद्दल सावध केले, तर पोलिसांनी त्यांनाच समज दिली. पुढच्या फेब्रुवारीत त्याच आजाराने ते गेले. शिनजियांगमधल्या उइघुरांच्या छळाचा हिशेब तर कोणत्याही विकासदराच्या खात्यात बसत नाही. आणि या मताला सर्वांत नेमके उत्तर सामुद्रधुनीपलीकडे आहे. जगातल्या सर्वांत प्रगत चिप्स बीजिंगच्या राज्यात बनत नाहीत, तैवानमध्ये बनतात. त्या बनवणारी टीएसएमसी स्थापन झाली १९८७ मध्ये. त्याच वर्षी तैवानमधला लष्करी कायदा उठला, आणि १९९६ मध्ये तिथल्या जनतेने प्रथमच थेट मतदानाने अध्यक्ष निवडला. ती कंपनी आणि ती लोकशाही बरोबरीने मोठ्या झाल्या. तेव्हा ‘एक खमक्या हुकूमशहा हवा’ असे सुस्कारे टाकणाऱ्यांनी चीनचा दाखला देऊ नये. त्या दाखल्यात त्यांच्या मताचे खंडनच भरलेले आहे.

तिसरे मत भविष्यवेत्त्यांचे. गॉर्डन चँग यांचे चीनच्या येऊ घातलेल्या पतनावरचे पुस्तक २००१ मध्ये निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला आणि पतनाऐवजी इतिहासातली सर्वांत मोठी निर्यातवाढ सुरू झाली. दुखणी खोटी नाहीत. एव्हरग्रांड ही तीनशे अब्ज डॉलरहून अधिक देणी असलेली बांधकाम कंपनी बुडाली. शहरी तरुणांतली बेकारी जून २०२३ मध्ये २१.३ टक्क्यांवर गेली, तेव्हा सरकारने तो आकडा प्रसिद्ध करणेच काही महिने थांबवले. पण घरांच्या किमती पडल्या म्हणून लेथवरच्या माणसाचा हात कसब विसरत नाही. जपानचा फुगा १९९० नंतर फुटला. तरी चिप बनवायला लागणारी कित्येक रसायने आणि यंत्रे आजही जपानच पुरवतो. चीनची खरी विकृती वाटपाची आहे. राष्ट्रीय उत्पन्नात घरगुती उपभोगाचा वाटा जेमतेम चाळीस टक्के, म्हणजे जे राबतात त्यांच्या पदरात कमी पडते. हा अन्याय आहे आणि तो दुबळेपणाही आहे; पण त्याला पतन म्हणत बसणे ही स्वतःची समजूत घालणे झाले.

चौथे मत पश्चिमेच्या राज्यकर्त्यांचे: दारे बंद करा. मे २०१९ मध्ये हुवावे ही चिनी कंपनी अमेरिकेच्या काळ्या यादीत गेली. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रगत चिप्स आणि त्या बनवण्याच्या यंत्रांवर अमेरिकेने निर्यातबंदी घातली. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीचे सर्वांत प्रगत चिप-मुद्रणयंत्र चीनला कधीच मिळालेले नाही. या बंदीने काहीच साधले नाही असे म्हणणे चूक ठरेल. सर्वांत सूक्ष्म चिप्सच्या बाबतीत चीन आजही मागे आहे. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये हुवावेने मेट ६० प्रो हा फोन आणला, त्यात शांघायच्या एसएमआयसीने बनवलेली सात नॅनोमीटरची चिप निघाली. चिनी यंत्रनिर्मात्यांना आणि चिप-कारखान्यांना तोवर भांडवलाची चणचण नव्हती, चणचण होती ती गिऱ्हाइकाची. देशातल्याच कंपन्या परदेशी माल पसंत करत. अमेरिकेने बंदी घालून त्यांना ते गिऱ्हाईक मिळवून दिले.

आणि दार दोन्ही बाजूंनी बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत चढवले, त्याच महिन्यात चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंची निर्यात परवान्याखाली आणली. मे महिन्यात जिनिव्हात तहाची बोलणी झाली. त्या धातूंपासून बनणारे चुंबक अमेरिकेला अनोळखी होते का? जनरल मोटर्सनेच निओडिमियम चुंबक विकसित करून त्यासाठी मॅग्नेक्वेंच ही कंपनी काढली होती. १९९५ मध्ये ती चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली गेली आणि पुढे काही वर्षांत उत्पादन चीनला हलले. त्या वेळच्या ताळेबंदात तो व्यवहार फायद्याचा होता. चीनच्या परवान्यांची झळ मात्र आपल्यापर्यंत आली: २०२५ च्या पावसाळ्यात चुंबकांअभावी पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरच्या चेतकचे उत्पादन कमी करावे लागले.

आता मंडन. माझा सिद्धान्त असा: चीनच्या उदयाचे श्रेय कारखान्यात साचलेल्या शिकण्याला आहे, आणि ते शिकणाऱ्या कोट्यवधी कामगारांना, तंत्रज्ञांना आणि अभियंत्यांना आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच दाखवले होते की, काम करता करता येणारे शहाणपण हे उत्पादकतेचे स्वतंत्र कारण असते. पश्चिमेने मानले की संकल्पना आपल्याकडे ठेवावी, घाम दुसऱ्याला गाळू द्यावा. पण उत्पादन हे विचाराचेच एक रूप आहे. जो रोज बनवतो त्यालाच रोज नव्या अडचणी भेटतात, आणि पुढचा शोध त्या अडचणींतूनच लागतो. वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेन्झेनला बीवायडी सुरू केली, तेव्हा जपानी स्वयंचलित यंत्रे घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून एकेक प्रक्रिया सुटी करून ती माणसांच्या हातांकडून करून घेतली. त्या हातांनी बॅटरी आतून ओळखली. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत हीच कंपनी विजेच्या मोटारींच्या विक्रीत टेस्लाच्या पुढे गेली.

सौरऊर्जेची कथा याहून बोलकी आहे. सौरघट जन्मला १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये. शी झेंगरोंग ते शास्त्र सिडनीत मार्टिन ग्रीन यांच्याकडे शिकले आणि २००१ मध्ये वूशीला त्यांनी सनटेक काढली. २००० च्या जर्मन कायद्याने बाजारपेठ तयार करून ठेवलेलीच होती. सनटेक २०१३ मध्ये कर्जात बुडाली. पण तिच्याभोवती जमलेले पुरवठादार, यंत्रे बनवणारे, पाळीप्रमुख आणि कामगार बुडाले नाहीत. आज सौरपट्ट्यांच्या उत्पादनसाखळीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर आहे. कंपनी मेली, कसब उरले. कोणत्याही देशाची खरी संपत्ती हीच.

या संपत्तीचा पाया साक्षरता, प्राथमिक आरोग्य आणि कामावर निघालेल्या स्त्रिया यांनी घातला. सुधारणा सुरू होण्यापूर्वीच चीनमधले सरासरी आयुर्मान पासष्टच्या पुढे होते. शेन्झेनच्या जुळणीपट्ट्यावर उभ्या राहिलेल्या खेड्यातल्या मुलींना शहरात राहण्याची मुभा होती, पण शहरवासीयाचे हक्क नव्हते. मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवून त्या राबल्या. सुमारे ऐंशी कोटी माणसे अतिदारिद्र्यातून बाहेर आली ती या श्रमांवर. त्याचे श्रेय पक्षाच्या पारड्यात टाकणे हा त्या मुलींवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे, आणि सारे चोरीचे म्हणणे हा तिसऱ्यांदा.

आपण यातून काय घ्यावे, हे सांगायला पिंपरीचे उदाहरण पुरे. १९५४ मध्ये तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशाने स्वतःचे पेनिसिलिन बनवले. मग स्वस्त चिनी माल आला, आणि घेणे परवडते तर बनवायचे कशाला, या हिशेबाने भारतात पेनिसिलिन-जी बनणेच थांबले. २०२० मध्ये साथ आली तेव्हा परावलंबन किती खोल आहे ते कळले. सरकारने अनुदानाची योजना आखली, आणि २०२४ मध्ये काकीनाड्याला ते उत्पादन नव्याने सुरू झाले. येत असलेली विद्या हातची घालवून तीच पुन्हा पैसे मोजून शिकावी लागली.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. चिनी मालाची होळी करून आपण काही शिकणार नाही आणि चिनी सत्तेची आरती करूनही नाही. आयटीआयमध्ये चालती यंत्रे हवीत, पाळीवरच्या कामगाराला कायम नोकरी आणि मान हवा, पहिली दहा वर्षे तोटा सोसणारे भांडवल हवे, आणि देशी मालाला सरकारी खरेदीचा पहिला हक्क हवा. यांतल्या एकाही गोष्टीसाठी वृत्तपत्राचे तोंड बांधावे लागत नाही. उलट, कारखान्यातली चूक बोलून दाखवण्याचे धैर्य ज्याला आहे त्याच्याच हातून माल सुधारतो, आणि ते धैर्य नागरिकाला मोकळेपणातच येते. स्वातंत्र्य राखून कसब वाढवणे हे आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि चीनशी खरी स्पर्धा करायची तर ती याच वाटेने करावी लागेल.