रिकामी वेळ, थकलेली हिरवळ

हंगाम सैल पडला की डोंगरावरच्या हॉटेलांची एक जाहिरात हमखास झळकते: दोन रात्रींचा मुक्काम, नाश्ता आणि गोल्फचा एक राउंड, सगळे निम्म्या दरात. यामागचा हिशेब आपण विमान कंपन्यांकडून उचलला. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, म्हणून ती आधीच मिळेल त्या भावाला विकावी. हॉटेलच्या खोलीला हा हिशेब चपखल बसतो. गोल्फच्या मैदानालाही तो बसतो असे आपण धरून चालतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते. टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, नाशवंत आहे हे खरे, पण खेळ होतो गवतावर, आणि गवत काही चादरीसारखे रोज सकाळी बदलता येत नाही.

सिमल्यापासून सुमारे 22 किलोमीटरवरचे नालदेहराचे गोल्फ मैदान घ्या. उंची 2000 मीटरच्या वर, चहूबाजूंनी देवदार. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी भावली की 1904 साली जन्मलेल्या मुलीच्या नावात त्याने ती गुंफली. (असे गिऱ्हाईक सवलतीने मिळत नाही, हे जाता जाता.) आज पाहुणा येतो तोही त्या देवदारांसाठीच; पण त्यांची सावली गवताचे ऊन अडवते आणि मुळे मातीतले पाणी ओढतात. त्यात ऋतूंची भर. दहिवर पडलेल्या ग्रीनवरून, म्हणजे कपाभोवतीच्या आखूड गवतावरून, कोणी चालत गेले तर त्या क्षणी फारसे काही दिसत नाही. गोठलेली पाती बुटाखाली चिरडलेली असतात, आणि पुढे त्या पावलांचे ठसे तपकिरी होऊन उमटतात. पावसाळ्यात भिजलेली माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. थोडक्यात, पाहुणे नसतात त्याच दिवसांत गवताची सोसण्याची ताकदही सर्वांत कमी असते. नेमक्या त्याच दिवसांवर आपण ‘५० टक्के सूट’ची पाटी लावतो.

कंपन्यांच्या आउटिंगने हा भार एकवटतो. अठरा होलच्या मैदानावर प्रत्येक होलवरून चौघे एकाच वेळी सुरू झाले की 72 खेळाडू होतात, आणि त्यांत नवखे पुष्कळ. फटक्यागणिक गवताचा तुकडा उडतो, ग्रीनवर चेंडू पडून खळगे होतात, ते बुजवायचे असतात हे अनेकांना ठाऊकच नसते. जेमतेम सव्वाचार इंच व्यासाच्या कपाभोवती हे सगळे बहात्तर जण वाकून जातात.

‘खोल्या रिकाम्या ठेवून पगार कुठून द्यायचे?’ हा व्यवस्थापकांचा सवाल रास्त आहे. उत्तर असे की सूट खोलीवर द्या, राउंडवर नको. दहिवराच्या आणि चिखलाच्या दिवसांत पॅकेजमध्ये पटिंगचा सराव, कॅडीकडून धडे, देवदारांतली पायवाट ठेवता येते. राउंड स्वस्त करायचाच असेल तर गवत जोमाने वाढत असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारनंतरचा करा. ऐन हंगामातही ती वेळ बऱ्याचदा मोकळी असते. दुसरा आक्षेप: सवलतीमुळेच नवे खेळाडू तयार होतात. होतात, पण उखडलेल्या ग्रीनवर पहिला राउंड खेळलेला माणूस पूर्ण दर देऊन परत येईल, हा भाबडेपणा आहे. ‘गवत काय, पुन्हा उगवेल’ हे मैदानी प्रदेशात चालून जाते. डोंगरावरच्या सावलीत आणि आखूड उन्हाळ्यात नाही. आणि खर्चात कपात कुठेही करा, कॅडीच्या मेहनतान्याला हात लावू नका. खळगे बुजवून घेणारा तोच आहे.

पुढचे पॅकेज छापायला टाकण्याआधी दर ठरवणाऱ्याने एकदा भल्या सकाळी मैदानाच्या मुख्य माळ्याबरोबर फेरी मारावी. दहिवर असेल तर ग्रीनच्या कडेकडेने.